पाऊस किती पडला, हे कोणाला विचारायचं? अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लासचा एक आढावा

महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, की त्याची गणना अतिवृष्टीत होते. पंचनामे आणि मदतीची पुढची वाट बहुतेक वेळा या आकड्यापासून सुरू होते. समजा, परभणी जिल्ह्यासाठी हा आकडा तपासणारा एक छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. पावसाची माहिती एका जागी नाही. महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची वेधशाळा आहे, आणि कुणीतरी हाताने भरलेल्या एक्सेलच्या फाइलीही आहेत. प्रत्येकाची मांडणी वेगळी, तारीख लिहायची रीत वेगळी. अतिवृष्टी ठरवणाऱ्या कोडला मात्र एकच गोष्ट हवी असते: या मंडळात, या दिवशी, किती पाऊस?

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये यावर अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लास हा उपाय आहे. ‘पाऊसस्रोत’ नावाचा क्लास लिहायचा, त्यात ‘पाऊस’ नावाची मेथड जाहीर करायची. ती मंडळ आणि दिवस घेईल, मिलिमीटर देईल, इतकंच सांगायचं आणि आतली जागा रिकामी ठेवायची. या क्लासचं स्वतःचं ऑब्जेक्ट होत नाही. सातबाऱ्याच्या कोऱ्या नमुन्यात रकाने असतात पण जमीन नसते, तसंच हे. महावेधचा सबक्लास, वेधशाळेचा सबक्लास, एक्सेलचा सबक्लास ती मेथड आपापल्या परीने भरतात. अतिवृष्टी तपासणारा कोड फक्त ‘पाऊसस्रोत’ ओळखतो. उद्या नवा स्रोत आला तरी त्या कोडची एकही ओळ बदलावी लागत नाही.

कल्पना एवढीच आहे, तरी तिच्याभोवतीचे वाद पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. माझ्या मते त्याचं कारण असं, की या एका क्लासच्या डोक्यावर आपण तीन वेगवेगळी ओझी ठेवतो. वापरणाऱ्याला दिलेला शब्द हे पहिलं. सबक्लासांना लागणारा सामायिक कोड ठेवायची जागा हे दुसरं. आणि जगातल्या वस्तूंचं वर्गीकरण हे तिसरं. पहिल्या ओझ्यासाठी हे साधन उत्तम आहे. दुसऱ्यासाठी जपून वापरावं असं आहे. तिसऱ्यासाठी वापरलं की त्रास सुरू होतो, आणि पाठ्यपुस्तकं नेमकी तिसऱ्यापासून सुरुवात करतात.

बीज नॉर्वेतलं. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी १९६७ मध्ये सिम्युला ६७ ही भाषा मांडली. क्लास, सबक्लास आणि व्हर्च्युअल प्रोसिजर तिथेच आले. व्हर्च्युअल प्रोसिजर वरच्या क्लासमध्ये नुसती जाहीर करता यायची, मजकूर खाली कुणीतरी भरायचा. कुणी भरला नाही, तर प्रोग्राम चालताना चूक यायची. नंतर स्मॉलटॉकमध्ये हीच गोष्ट रिवाज म्हणून आली: वरच्या मेथडमध्ये ‘सबक्लासरिस्पॉन्सिबिलिटी’ असा संदेश लिहून ठेवायचा, म्हणजे ती चुकून बोलावली गेली तर प्रोग्राम तिथेच तक्रार करेल. दोन्हीकडे चूक उशिरा कळायची, कधी तर गिऱ्हाइकाच्या हातात प्रोग्राम गेल्यावर.

त्याच काळात अमेरिकेत एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कॉव्ह दुसऱ्या बाजूने येत होत्या. १९७४ मध्ये स्टीफन झिल्स यांच्यासोबत त्यांनी अ‍ॅबस्ट्रॅक्ट डेटा टाइपची मांडणी केली: एखाद्या प्रकाराची ओळख त्याच्यावर काय क्रिया करता येतात यावरून व्हावी, आतली साठवण बाहेर दिसू नये. सिम्युलाकडून वारसा आला, लिस्कॉव्हकडून पडदा आला. अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लास हा या दोघांचा संगम आहे.

भाषेच्या पातळीवर त्याला पक्कं रूप मिळालं ते ऐंशीच्या दशकात. बर्ट्रांड मेयर यांच्या आयफेल भाषेत ‘डिफर्ड’ क्लास होते, आणि मेयर यांची खरी देणगी त्याच्या पुढची. रिकाम्या मेथडलाही अटी जोडता येतात, असं त्यांनी दाखवलं. मेथड बोलावण्यापूर्वी काय खरं असलं पाहिजे, संपल्यावर काय खरं असेल, हे बेस क्लासमध्येच लिहायचं. सबक्लासला ते पाळावं लागतं. करारावर आधारित रचना या नावाने ही पद्धत ओळखली जाते. जावा आणि पायथन यांनी हा भाग मुख्य भाषेत घेतला नाही, सी प्लस प्लसमध्येही तो अनेक दशकं नव्हता, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

सी प्लस प्लसची गोष्ट जास्त व्यावहारिक आहे. ब्यार्न स्ट्राउस्ट्रप यांनी १९८९ च्या आवृत्ती २.० मध्ये, अगदी शेवटच्या टप्प्यावर, प्युअर व्हर्च्युअल फंक्शन घातलं. फंक्शनच्या घोषणेपुढे ‘बरोबर शून्य’ लिहिलं की ते रिकामं आणि क्लास अ‍ॅबस्ट्रॅक्ट. नवा शब्द भाषेत घालायला तेव्हा मंजुरी मिळाली नसती, म्हणून हे विचित्र चिन्ह आलं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. गरज मोठ्या प्रोग्रामांची होती. साठवणुकीतला एक घटक बदलला की तो क्लास वापरणारी प्रत्येक फाइल पुन्हा कंपाइल करावी लागायची. मध्ये अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास आला की वापरणाऱ्याच्या फाइलीला आतलं काही दिसतच नाही. वर्गीकरणाशी याचा काडीचा संबंध नव्हता. भिंत कुठे घालायची याचा तो प्रश्न होता.

जावाने १९९६ मध्ये या भिंतीचे दोन प्रकार केले. ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतल्या प्रोटोकॉलवरून इंटरफेस आला, त्यात फक्त शब्द द्यायचा. अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासमध्ये शब्दही द्यायचा आणि कोडही ठेवायचा. एका क्लासला कितीही इंटरफेस घेता येतात, बेस क्लास मात्र एकच. ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस यांतला फरक सांगा’ हा भारतभरच्या परीक्षांत आणि मुलाखतींत घासून गुळगुळीत झालेला प्रश्न इथून निघाला. त्याचं पाठ केलेलं उत्तर आता जुनं आहे. २०१४ च्या जावा ८ पासून इंटरफेसमध्येही मजकूर असलेली मेथड ठेवता येते. कलेक्शनच्या इंटरफेसमध्ये स्ट्रीमसाठी नवी मेथड घालायची होती, आणि तशी घातली असती तर जगभरच्या जुन्या क्लासांचा कोड मोडला असता, म्हणून ही सोय करावी लागली. आता उरलेला खरा फरक हा, की अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासला स्वतःची अवस्था असते: फील्ड असतात, कन्स्ट्रक्टर असतो. इंटरफेसला ते नसतं. परभणी-जिंतूरच्या मुलांनी एवढा एक मुद्दा समजून घेतला तरी त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत देता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे जावाचे धडे मराठीतही आहेत. ज्यांना इंग्रजी व्याख्या अडते त्यांनी ते जरूर ऐकावेत.

जावाच्या लायब्ररीतच दोन्हींची जोडी कशी लावावी याचा उत्तम नमुना आहे. जोशुआ ब्लॉक यांनी १९९८ मध्ये आणलेल्या कलेक्शनच्या चौकटीत ‘लिस्ट’ हा इंटरफेस आहे आणि ‘अ‍ॅबस्ट्रॅक्टलिस्ट’ हा सांगाडा. न बदलणारी यादी हवी असेल तर सांगाड्याच्या फक्त दोन मेथड भरायच्या, घटक द्या आणि लांबी द्या; शोधणं, फिरणं, तुलना बाकी सगळं तयार. सांगाडा नको असेल तर थेट इंटरफेस घ्या. मात्र याच चौकटीत एक दुखरी जागाही आहे. ‘लिस्ट’च्या शब्दात घटक घालण्याची मेथड आहे, आणि न बदलणारी यादी ती बोलावल्यावर ‘हे जमत नाही’ असा अपवाद फेकते. शब्द द्यायचा आणि मग मागे घ्यायचा, असं हे झालं. इतकी विचारपूर्वक केलेली रचनाही रुंद इंटरफेसपुढे अडली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पायथनचा रस्ता निराळा. तिथे मुळात कुणाला शब्द मागायचाच नाही अशी वृत्ती होती: ऑब्जेक्टकडे ती मेथड असेल तर चालेल, नसेल तर चूक येईल. २००७ मध्ये खिडो व्हान रॉसम आणि टॅलिन यांनी पेप ३११९ हा प्रस्ताव मांडला, आणि २००८ मध्ये पायथन २.६ आणि ३.० यांत ‘एबीसी’ मॉड्यूल आलं. मेथडवर ‘अ‍ॅबस्ट्रॅक्टमेथड’ची खूण लावायची, ती न भरता सबक्लासचं ऑब्जेक्ट करायला गेलात तर टाइपएरर. ही तपासणी ऑब्जेक्ट होताना होते, क्लास लिहिताना नाही. शिवाय पायथन फक्त नाव पाहतं. ‘पाऊस’ मेथड मंडळ आणि दिवस घेणारी हवी होती आणि सबक्लासने काहीच न घेणारी लिहिली, तरी ऑब्जेक्ट बिनबोभाट तयार होतं. नवख्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे ठळकपणे सांगतो. त्या प्रस्तावातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ‘रजिस्टर’: दुसऱ्याने लिहिलेला क्लास, त्याला हात न लावता, आपल्या बेस क्लासचा मानता येतो. पायथन ३ मध्ये क्लासची आणि मेथडची नावं देवनागरीतही देता येतात, तेव्हा ‘पाऊसस्रोत’ हे नाव जसंच्या तसं चालतं.

आता शब्दामागच्या अर्थाकडे येऊ, कारण खरं काम तिथेच आहे. लिस्कॉव्ह यांनी १९८७ च्या एका परिषदेतल्या भाषणात आणि पुढे जीनेट विंग यांच्यासोबत १९९४ च्या निबंधात असं मांडलं, की बेस क्लासचं ऑब्जेक्ट जिथे अपेक्षित आहे तिथे सबक्लासचं ठेवलं तरी प्रोग्रामच्या अपेक्षा मोडता कामा नयेत. नाव आणि प्रकार जुळणं पुरेसं नाही, वागणं जुळलं पाहिजे. पावसाच्या उदाहरणात हे लगेच दिसतं. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. एखादा स्रोत मध्यरात्र ते मध्यरात्र मोजत असेल तर ‘पाऊस’ ही मेथड तोही तंतोतंत भरेल. कंपायलर खूश, पायथन खूश. पण रात्री दहा ते पहाटे चारपर्यंत ८० मिलिमीटर कोसळलेला पाऊस एका स्रोतात एकाच दिवसात येईल आणि दुसऱ्यात दोन दिवसांत विभागला जाईल, कदाचित ३५ आणि ४५ असा. पहिल्या हिशेबाने अतिवृष्टी झाली, दुसऱ्या हिशेबाने नाही.

याहून वाईट प्रकार केंद्र बंद पडल्यावर होतो. एका सबक्लासने अशा वेळी शून्य दिलं, दुसऱ्याने ‘नोंद नाही’ असं दिलं, तर दोघांनी रकाना भरला, पण शून्य म्हणजे कोरडा दिवस आणि नोंद नाही म्हणजे अज्ञान. या दोन गोष्टी एक समजल्या की ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलं त्या माणसाच्या वाट्याला कोरडा दिवस येतो. म्हणून बेस क्लासच्या दस्तऐवजात दिवस कधी सुरू होतो, एकक कोणतं, नोंद नसेल तेव्हा काय द्यायचं, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. नुसतं लिहून भागत नाही. चाचण्यांचा एकच संच लिहावा आणि तो प्रत्येक सबक्लासवर चालवावा: ठरलेल्या दिवशीचा माहीत असलेला पाऊस बरोबर येतो का, बंद दिवशी शून्य येत नाही ना, ऋण आकडा येत नाही ना. मेयर यांनी भाषेत घातलेली शिस्त आपल्याला अशी चाचण्यांतून उभी करावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, आणि माझ्या दृष्टीने अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लास लिहिण्याचा अर्धा भाग तेच आहे.

तिसऱ्या ओझ्याचं, वर्गीकरणाचं, परभणीतलं उदाहरण शेतातच मिळतं. विद्यार्थ्यांना पिकांची नोंद ठेवणारा प्रकल्प दिला की ‘पीक’ हा बेस क्लास आणि कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, ऊस हे सबक्लास ही रचना हमखास सुचते. मेथडही ठरलेल्या: पेरणी, काढणी, उत्पादन. सोयाबीनला हे चपखल बसतं. कापूस आला की काढणी एक राहत नाही. वेचण्या होतात, पहिली, दुसरी, तिसरी, आणि कुणी फरदड ठेवली तर हंगामाचा शेवटच पुढे सरकतो. ऊस पेरत नाहीत, लावतात, आणि खोडव्याला तर लागवडही नसते. रब्बी ज्वारीचं उत्पादन एका आकड्यात मावत नाही, कारण धान्याइतकाच कडब्याचा हिशेब मोलाचा असतो. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक असलं की एका शेताला दोन पिकं, दोन काढण्या आणि क्षेत्राची वाटणी. मग बेस क्लासमध्ये एकेक सवलत शिरते: ‘काढणी’ यादी देऊ लागते, ‘पेरणी’ रिकामी परत येते, ‘उत्पादन’मध्ये दुसरा आकडा येतो. शेवटी ‘पीक’ हा क्लास कशाचाच शब्द देत नाही.

बिघाड पिकांत नाही, प्रश्न विचारणाऱ्याचा विसर पडला यात आहे. बाजार समितीतल्या वजनाच्या नोंदीला आवक, वजन आणि ओलावा हवा. तिला पेरणीशी देणंघेणं नाही. पाणी-नियोजनाला आत्ताची अवस्था आणि त्या अवस्थेची पाण्याची गरज हवी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः हंगाम, पीक, क्षेत्र आणि फोटो नोंदवतो. तशा नोंदीला उत्पादनाचा आकडा लागतच नाही. तीन विचारणारे म्हणजे तीन अरुंद अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास, प्रत्येकात दोन-तीन मेथड. रॉबर्ट मार्टिन यांनी इंटरफेस वेगळे ठेवण्याचं जे तत्त्व नव्वदच्या दशकात मांडलं ते हेच. कापसाची माहिती साठवणारा क्लास हे तिन्ही शब्द देऊ शकतो, खोडवा त्यांतले दोनच देईल, आणि कुणालाही ‘हे जमत नाही’ म्हणावं लागणार नाही. वस्तूंची वंशावळ गणितातही सरळ बसत नाही. पायथनमध्ये पेप ३१४१ ने संख्यांचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट मनोरा उभा केला, पण दशांश संख्यांचा ‘डेसिमल’ क्लास त्यातल्या वास्तव संख्यांच्या मजल्यावर नाही, फक्त ‘नंबर’ या सर्वांत वरच्या नावाखाली नोंदवलेला आहे.

सामायिक कोडच्या ओझ्याबद्दल थोडक्यात. बेस क्लासमध्ये ‘महिन्याचा पाऊस’ ही भरलेली मेथड ठेवली आणि ती रोजची ‘पाऊस’ मेथड दरदिवशी बोलावते, असं धरा. हा टेम्प्लेट मेथडचा साचा, १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या चौघांच्या पुस्तकातला. एका सबक्लासला विकत घेतलेल्या सेवेच्या विनंत्या मोजायच्या आहेत, म्हणून त्याने दोन्ही मेथडमध्ये मोजणी घातली. आता महिन्याच्या विनंत्या दुप्पट दिसतात, कारण बेस क्लासची मेथड आतून दुसरीला बोलावते हे त्याला माहीत नव्हतं. बेस क्लासच्या लेखकाने उद्या आतली पद्धत बदलली तर मोजणी पुन्हा बदलेल. आतून कोण कोणाला बोलावतं, हेही कराराचा भाग होऊन बसतं. म्हणून भरलेल्या मेथड थोड्या ठेवाव्यात आणि ‘ही बदलू नका’ हे जावात ‘फायनल’ लिहून स्पष्ट करावं.

नव्या भाषांनी हे ओळखून वारसाच कमी केला. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेत बेस क्लास नाही. मेथड जुळल्या की इंटरफेस आपोआप पाळला जातो. रस्टमध्ये ट्रेट आहेत, तिथे आपला ट्रेट दुसऱ्याच्या टाइपलाही लावता येतो. पायथननेही २०१९ च्या ३.८ आवृत्तीत पेप ५४४ मधून ‘प्रोटोकॉल’ आणले: वारसा न घेता, केवळ आकार जुळतो का हे टाइप तपासणारं साधन पाहतं. माझा कल असा आहे, की सबक्लास आपल्याच हाताखाली लिहिले जाणार असतील आणि त्यांना थोडा कोड वाटून द्यायचा असेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लास घ्यावा. परक्याच्या लायब्ररीतल्या गोष्टी स्वीकारायच्या असतील तर प्रोटोकॉल.

जिल्ह्यात बसून वेबसाइट लिहिणाऱ्यांना ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ हा शब्द बहुधा जँगो या पायथनच्या वेब-चौकटीत भेटतो, आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा वळतो. मॉडेलच्या मेटामध्ये ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ खरं ठेवलं की त्या मॉडेलचं टेबल होत नाही. त्याचे कॉलम प्रत्येक सबक्लासच्या टेबलात उतरतात. नोंद कधी झाली, कधी बदलली, अशा कॉलमांसाठी हे छान. पण अ‍ॅबस्ट्रॅक्ट मॉडेलकडे फॉरेन की लावता येत नाही, आणि सगळ्या सबक्लासांच्या नोंदी एका क्वेरीत मिळत नाहीत. ज्याला ‘सगळ्या नोंदी दाखव’ असं विचारायचं आहे त्याने अ‍ॅबस्ट्रॅक्ट मॉडेल निवडू नये.

कृषी विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून (नाहेप) डिजिटल शेतीचं केंद्र उभं राहिलं, रोबोट आणि ड्रोनवर काम झालं, त्यामुळे परभणीच्या विद्यार्थ्यांना पानांच्या फोटोंवरून रोग ओळखण्याचे प्रयोग आता परके नाहीत. असा प्रयोग पायटॉर्च या पायथन लायब्ररीत केला की पहिला सबक्लास ‘डेटासेट’चा लिहावा लागतो. दस्तऐवज त्याला अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतात, पण तो पायथनच्या ‘एबीसी’वर उभा नाही. क्रमांकावरून फोटो देणारी मेथड लिहायची राहिली तरी ऑब्जेक्ट तयार होतं, आणि पहिला फोटो मागितल्यावरच चूक येते. अनेक तास चालणारं प्रशिक्षण लावण्यापूर्वी पहिला आणि शेवटचा फोटो हाताने मागून पाहावा, लांबी विचारावी, आणि फोटोसोबत येणारं रोगाचं नाव त्याच पानाचं आहे का ते डोळ्यांनी पडताळावं.